घोड्याचे वय आणि मुलाचे वय

व्यापारी घरातील मूल घोड्यावर पहिल्यांदा बसते ते बहुधा कुणाच्या तरी वरातीत. काकाचे किंवा मामाचे लग्न असते, नवरदेवापुढे बसायला घरातलेच एखादे लहान मूल हवे असते. त्याच्या डोक्यावर लहानसा फेटा बांधला जातो आणि घोडीवाला त्याला दोन्ही हातांनी उचलून खोगिरावर ठेवतो. पुढचा पाऊण तास बँड वाजत असतो, वडीलधारी मंडळी नाचत असतात. मुलाचे लक्ष मात्र त्यांपैकी कशाकडेच नसते. त्याच्या पोटऱ्यांना घोडीच्या अंगाची ऊब लागलेली असते, बोटांत आयाळ असते आणि तिने मान हलविली की आपणही हलतो, याचे नवल त्याला पुरत नाही. दुसऱ्या दिवशी घरात आहेराची मोजदाद चाललेली असते, तेव्हा ते मूल एकच प्रश्न विचारत राहते : घोडी कुठे गेली?

मोठ्यांच्या लेखी हा प्रश्नच नसतो. घोडी भाड्याची होती, भाडे चुकते झाले, हिशेब मिटला. काही मुले आठवडाभराने विसरतात. काही विसरत नाहीत. सुट्टीत माथेरानला गेली की तेथील घोड्याच्या मानेवरून त्यांचा हात निघत नाही. घरी आल्यावर वहीच्या मागच्या पानांवर घोडेच घोडे उमटतात आणि अखेर मागणी पुढे येते.

मुंबई-पुण्याच्या सदनिकेत ही मागणी हसण्यावारी जाते. बदनापूरसारख्या तालुक्याच्या गावी ती तशी जात नाही, कारण तेथे 'हो' म्हणणे शक्य असते. घराची शेती नसली तरी ओळखीच्याची असते. ज्वारीचा कडबा मिळतो, हरभरा मिळतो आणि तुरीच्या भुसकटाला तर तोटाच नाही. येथील कृषी संशोधन केंद्राने तुरीच्या वाणांसाठी गावाचे नाव महाराष्ट्राबाहेर नेले आहे. दारापुढे खुंटा ठोकायला जागा निघते. मार्गशीर्षात नांदेड जिल्ह्यातील माळेगावी खंडोबाच्या यात्रेत घोड्यांचा मोठा बाजार भरतो; दत्तजयंतीला तापीकाठच्या सारंगखेड्यात भरतो. धंद्याला बरकत असलेल्या वर्षी एखादा पिता मुलाचे बोट धरून तेथे जातो आणि परतताना टेम्पोत एक तट्टू असते. गावात चार दिवस चर्चा होते. मुलाच्या आयुष्यातला तो सर्वांत मोठा दिवस असतो, यात शंका नाही.

सौद्यात मुरलेली माणसेही येथे एक आकडेमोड करायची विसरतात. ती आकडेमोड वयाची आहे.

घोडा साधारणपणे पंचवीस ते तीस वर्षे जगतो. काटक तट्टू त्याहूनही अधिक. समजा, सात वर्षांच्या मुलासाठी पाच वर्षांचा, शिकविलेला, शांत घोडा घेतला. मूल दहावीला बसते तेव्हा घोडा चौदा वर्षांचा असतो. मूल पुणे, कोटा किंवा आणखी दूर शिकायला निघते तेव्हा घोड्याने सोळावे ओलांडलेले असते. ते पदवी घेऊन येते तेव्हा घोडा विशीत, म्हणजे म्हातारपणाच्या उंबरठ्यावर. सत्ताविसाव्या वर्षी त्या मुलाची वरात निघेल, तेव्हा त्याच्या बालपणाचा घोडा पंचवीस वर्षांचा असेल आणि नीट सांभाळला असेल तर जिवंत असेल. घोड्याचे उमेदीचे दिवस आणि मुलाचे बालपण एकाच वेळी येतात. घोड्याचे म्हातारपण आणि मुलाचे घराबाहेर जाणेही एकाच वेळी येते. ज्या वर्षी घोड्याला माणसाची गरज सर्वाधिक, नेमके त्याच वर्षी त्याचे माणूस गावात नसते.

बाजारात घोड्याचे वय दातांवरून सांगतात. साधारण पाचव्या वर्षी पुढचे सगळे पक्के दात आलेले असतात. पुढे वरच्या कडेच्या दातावर, हिरडीपाशी, दहाव्या वर्षाच्या सुमारास एक उभी काळपट खाच दिसू लागते. पंधराव्यापर्यंत ती दाताच्या मध्यापर्यंत उतरते आणि विसाव्यापर्यंत टोकाला पोहोचते. अंदाज ढोबळ असतो, चाऱ्यानुसार चुकतोही. पण जाणता विक्रेता आणि जाणता गिऱ्हाईक दोघेही तेथेच बोट ठेवतात. या खाचेत बापाला किंमत दिसते. मुलासोबत किती वर्षे जातील, हेही तिच्यातच दिसत असते. तिकडे मात्र पाहिले जात नाही.

मग जे घडते ते अनेक घरांत एकाच रीतीने घडते. मूल परीक्षेला गेलेले असते किंवा वसतिगृहात असते. घोडा नुसता उभा, चंदी खातो, नालबंद वेळेवर मिळत नाही, गडी काम सोडून गेलेला. एक ओळखीचा माणूस येतो, व्यवहार होतो. मुलाला फोनवर सांगायचे नाही, अभ्यासावर परिणाम होईल, असे ठरते. सुट्टीत ते घरी येते तेव्हा खुंटा रिकामा असतो आणि 'चांगल्या घरी दिला' असे उत्तर तयार असते. कोणत्या घरी, हे बहुधा कुणालाच ठाऊक नसते. माळेगावला विकलेले जनावर तेथून पुढे कोठे गेले, हे विकणाऱ्याला कळण्याची सोय नाही. सर्वच घरांत असे होत नाही आणि घोडा ठेवणे खरोखर अशक्य होणेही समजण्याजोगे आहे. पण विकण्यापेक्षा न सांगता विकणे अधिक वाईट, एवढे निश्चित म्हणता येईल. मुलाने पाहिलेला हा घरातला पहिला व्यवहार असतो आणि त्यात त्याने शिकलेली गोष्ट अशी की, ज्याच्यावर जीव लावला तेही अखेर माल असते.

घोड्याच्या बाजूने काय उरते, हा प्रश्न पूर्वी भावनेचा मानला जाई. आता त्याला थोडेफार शास्त्रीय उत्तर आहे. फ्रान्समधील रेन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात कोवळ्या वयाच्या घोड्यांना खाऊ देऊन शिकविले होते. अनेक महिने मध्ये गेल्यावरही ते घोडे माणसाकडे आपण होऊन येत. केवळ शिकविणाऱ्याकडेच नव्हे, तर अनोळखी माणसाकडेही. ज्यांना खाऊविना शिकविले, त्यांच्यात ही ओढ तेवढी नव्हती. इंग्लंडमध्ये २०१८ साली झालेल्या प्रयोगात घोड्यांना एका माणसाचे रागावलेले किंवा हसरे छायाचित्र दाखविले. काही तासांनी तोच माणूस निर्विकार चेहऱ्याने समोर आला, तेव्हा छायाचित्रात रागावलेला दिसलेल्याकडे घोड्यांनी सावधपणे पाहिले. म्हणजे घोडा चेहरा लक्षात ठेवतो आणि त्या चेहऱ्याने आपल्याशी काय केले, हेही. तीन-चार वर्षे रोज सकाळी ओंजळीतून गूळ देणारे मूल त्याच्या स्मरणातून चार महिन्यांत पुसले जाईल, असे मानायला आधार नाही.

इतिहासात या नात्याची सर्वांत प्रसिद्ध कथा ग्रीक लेखक प्लुटार्क याने सांगितली आहे आणि तीही एका सौद्यापासून सुरू होते. फिलोनीकस नावाचा विक्रेता मॅसिडोनियाचा राजा फिलिप याच्याकडे तेरा टॅलंट किमतीचा एक घोडा घेऊन आला. घोडा कुणालाच जवळ येऊ देईना. राजाने तो परत न्यायला सांगितले. तेव्हा राजाच्या मुलाच्या, अलेक्झांडरच्या, ध्यानात आले की घोडा स्वतःच्या सावलीला बुजतो आहे. त्याने त्याचे तोंड सूर्याकडे वळविले, थोपटले आणि वर चढला. मुलगा तेव्हा बारा-तेरा वर्षांचा असावा. पुढे अनेक स्वाऱ्यांत हा घोडा, ब्युसेफेलस, त्याच्यासोबत होता आणि इ. स. पू. ३२६ मध्ये झेलमच्या काठी, पोरसाबरोबरच्या लढाईनंतर तो मेला. तेथे अलेक्झांडरने त्याच्या नावाने नगर वसविले. या कथेतील शौर्याचा भाग सर्वांना पाठ असतो. खरे मोल पहिल्या क्षणाचे आहे : सगळे मोठे लोक घोड्याला खोडकर ठरवीत होते, तेव्हा एका मुलाने तो घाबरला आहे हे पाहिले.

बदनापूरच्या मातीलाही घोड्यांची एक जुनी आठवण आहे. २१ सप्टेंबर १८०३ रोजी इंग्रजी फौजेच्या दोन तुकड्या येथे भेटल्या. एकीचा सेनापती आर्थर वेलस्ली, तेव्हा चौतीस वर्षांचा. दुसरीचा कर्नल स्टीव्हन्सन. दोघांनी वेगवेगळ्या वाटांनी निघून २४ तारखेला भोकरदनच्या बाजूला शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या सैन्याला गाठायचे ठरविले. प्रत्यक्षात २३ तारखेलाच, केळणा आणि जुई या नद्यांच्या दुआबात, आजच्या जालना जिल्ह्यातील आसई गावापाशी वेलस्लीची गाठ त्या सैन्याशी पडली आणि इतिहासप्रसिद्ध लढाई झाली. त्या दिवशी वेलस्लीच्या मांडीखालचा एक घोडा गोळीने मेला. नंतर तो डायोमीड नावाच्या करड्या अरबी घोड्यावर बसला. त्याच्याही अंगात भाला शिरला. डायोमीड त्याला त्याच्या मित्राने, कर्नल अॅस्टनने, १७९८ मध्ये द्वंद्वयुद्धातील जखमेने मरताना दिला होता.

त्या फौजांत हजारो घोडी होती, दोन्ही बाजूंची. लढाई कुणी जिंकली, किती तोफा मिळाल्या, याच्या नोंदी आहेत. शेवटी घोड्यांचे काय झाले ते कुणी लिहिले नाही. ते लढायला आपण होऊन आले नव्हते, एवढे मात्र लिहून ठेवायला हरकत नाही. ड्यूक ऑफ वेलिंग्टन या नावाने पुढे प्रसिद्ध झालेल्या याच माणसाने १८१५ मध्ये वॉटर्लूची लढाई कोपनहेगन नावाच्या घोड्यावरून लढली; सोळा-सतरा तास खोगीर उतरले नव्हते आणि रात्री खाली उतरल्यावर घोड्याने झाडलेली लाथ सेनापतीला थोडक्यात चुकली. त्यानंतर कोपनहेगनला ड्यूकच्या गावच्या जागेत कुरण मिळाले. त्याची पत्नी त्याला हाताने पाव भरवीत असे. घोडा म्हातारपणी दृष्टी आणि श्रवण गमावून बसला. १८३६ मध्ये अठ्ठाविसाव्या वर्षी मेला आणि तेथेच त्याला पुरले. वेलस्लीच्या युद्धांचे कौतुक करण्याचे मराठी माणसाला काहीच कारण नाही. पण उपयोग संपल्यावर घोडा वीस वर्षे ठेवायचा, याचा खर्च आणि खटाटोप त्याने पत्करला, ही नोंदही त्याच्याच नावावर आहे.

बदनापूरहून पैठण फार लांब नाही. मुनिसुव्रतनाथांच्या अतिशय क्षेत्रामुळे ते जैन यात्रेकरूंच्या परिचयाचे आहे. मात्र या क्षेत्राशी जोडलेली घोड्याची कथा आजच्या मुलांना क्वचितच कुणी सांगते. आचार्य जिनप्रभसूरींच्या चौदाव्या शतकातील 'विविधतीर्थकल्प' या ग्रंथात अश्वावबोध तीर्थाचा कल्प आहे. भृगुकच्छ, म्हणजे आजचे भरूच, येथील राजा यज्ञात एक घोडा बळी देणार होता. भगवान मुनिसुव्रत प्रतिष्ठानपुराहून, म्हणजे पैठणहून, एका रात्रीत कित्येक योजने ओलांडून तेथे पोहोचले. कारण तो घोडा पूर्वजन्मीचा त्यांचा मित्र होता. देशना ऐकताना घोड्याला जातिस्मरण झाले. तो वाचला, त्याने व्रत घेतले आणि मरणानंतर देवगतीस गेला. पुढे त्या स्थळी तीर्थ झाले. तिसरे तीर्थंकर संभवनाथ यांचे लांछनही घोडाच. मंदिरात आसनाखाली कोरलेला तो लहानसा घोडा मुलांच्या नजरेच्या उंचीवर असतो आणि तीच त्याला आधी पाहतात. मैत्री एका बाजूने विसरली गेली तरी दुसऱ्या बाजूने निभावली जाते, ही पैठणच्या कथेतली गोष्ट मुलाला समजावून सांगावी लागत नाही.

घोडा घरी ठेवायचा तर कसा, याविषयी श्रावकाचाराचे ग्रंथ आश्चर्य वाटेल इतके व्यवहारी आहेत. स्थूल अहिंसाव्रताचे जे पाच अतिचार लहानपणापासून पाठ केले जातात, ते जनावर पाळणाऱ्या घरासमोर ठेवूनच सांगितल्यासारखे वाटतात. बांधण्याविषयी जुन्या टीकांत असे स्पष्टीकरण येते की, बांधावे लागलेच तर गाठ सैल असावी, आग लागली तर झटकन सोडविता किंवा तोडता यावी. पत्र्याच्या शेडमध्ये साखळी आणि कुलूप घालून उभा केलेला घोडा या कसोटीला उतरत नाही. ओझ्याविषयी टीकाकार म्हणतात की, जनावराला जे योग्य असेल त्याहूनही थोडे कमीच लादावे. अन्नपाणी वेळेवर न देणे हा वेगळा अतिचार मानला आहे आणि घोड्याच्या बाबतीत तो तर थेट जिवावर बेततो. घोड्याचे जठर लहान असते, त्याला दिवसभर थोडे थोडे खावे लागते आणि त्याला ओकारी होत नाही. सणाच्या दिवशी पाहुण्यांनी कौतुकाने खाऊ घातलेल्या पुऱ्या, भात किंवा एकदम ओतलेले धान्य यांतून पोटशूळ उठतो आणि रात्रीत घोडा जातो. पाणी दिवसाला पंचवीस ते चाळीस लिटर लागते, मराठवाड्याच्या उन्हाळ्यात याहून कितीतरी जास्त. टँकरच्या गावात घोडा घेताना हा हिशेब आधी व्हावा.

बाकीचे थोडक्यात. खूर दर सहा ते आठ आठवड्यांनी कापून घ्यावे लागतात. धनुर्वाताची लस घोड्यालाही हवी आणि त्याच्याजवळ वावरणाऱ्या मुलालाही. घोड्याला चहूबाजूंचे दिसते, पण अगदी पाठीमागचे दिसत नाही. म्हणून मुलाने मागून कधीच जाऊ नये, बोलत बोलत खांद्याकडून जावे. कान मागे चिकटले की थांबावे. घोडा कळपाचे जनावर आहे, एकटा ठेवला तर झुरतो. सोबतीला शेळी किंवा वासरू असले तरी चालते. खरारा मुलाच्याच हातात द्यावा. वीस मिनिटे घोड्याच्या अंगावरून खरारा फिरविणारे मूल जे शिकते, ते त्याला वीस मिनिटे पाठीवर बसून मिळत नाही. हे सारे गड्यावर सोपवून मुलाला केवळ स्वारीपुरता घोडा देणाऱ्या घरांनी खरे तर सायकल घ्यावी.

पंधरा कर्मादानांची यादी याच दृष्टीने पुन्हा पाहण्यासारखी आहे. जनावरांचा व्यापार म्हणजे केशवाणिज्य, भाड्याने जनावरे देऊन उपजीविका म्हणजे भाडीकर्म, त्यांना डागणे-खच्ची करणे म्हणजे निर्लांछनकर्म. हे तिन्ही श्रावकाने टाळावेत असे सांगितले आहे. घरी जनावर ठेवणे निषिद्ध नव्हते, पण त्याच्यावर नफा मोजणे वर्ज्य होते. व्यापारावर जगणाऱ्या समाजासाठी आखलेली ही सीमारेषा आहे आणि ती आखणाऱ्यांना व्यापाराचा मोह ठाऊक असावा.

तेव्हा वरातीच्या घोडीचा विषय टाळता येत नाही. घरच्या घोड्यावर जीव लावणारे कुटुंब भाड्याच्या घोडीकडे पाहतच नाही. ती मे महिन्यात दुपारपासून सजवून उभी असते. तिच्या कानापाशी ढोल आणि ध्वनिक्षेपकांची भिंत असते. घोड्याचे कान माणसाला न ऐकू येणारे सूरही टिपतात; त्यांना फटाक्यांची माळ म्हणजे काय वाटत असेल, याची कल्पना माणसाला येणार नाही. १९६५ च्या केंद्रीय नियमांनुसार तट्टाच्या पाठीवर सत्तर किलोंहून अधिक ओझे लादता येत नाही; जनावरांकडून दिवसात नऊ तासांहून अधिक आणि सलग पाच तासांहून अधिक काम घेता येत नाही; तापमान सदतीस अंशांवर असेल अशा ठिकाणी दुपारी बारा ते तीन कामाला मनाई आहे. हे नियम ओझ्याच्या आणि गाडीच्या जनावरांसाठी आहेत. त्यांतच एक नियम स्वारीलाही लागू होतो : आतून काटे किंवा उंचवटे असलेली कडी घोड्याच्या तोंडात घालणे हा गुन्हा आहे. वराती पुढे चालणाऱ्या किती घोड्यांच्या लगामाची कडी आतून कशी आहे, हे कुणी वाकून पाहिलेले नसते. मंगलाष्टकांच्या आधी नवरदेवाच्या वडिलांनी घोडीवाल्याला ती काढून दाखवायला सांगितली, तर वेळ दोन मिनिटे लागतो. अरिष्टनेमींची वरात जनावरांचा आक्रोश ऐकून मागे फिरली, ही कथा ज्या घरात दर वर्षी ऐकली जाते, त्या घराने एवढे विचारणे गैर नाही.

दुसरीकडे देशात घोडी झपाट्याने कमी होत आहेत. २०१९ च्या पशुगणनेत देशभरात घोडे आणि तट्टे मिळून सुमारे तीन लाख चाळीस हजार भरली. २०१२ च्या तुलनेत ही घट जवळपास शेकडा पंचेचाळीस होती. मुंबईत घोड्यांच्या व्हिक्टोरिया गाड्या २०१५ मध्ये उच्च न्यायालयाने बेकायदा ठरविल्या. दख्खनच्या भीमथडी तट्टाला अलीकडेच राष्ट्रीय पातळीवर स्वतंत्र जात म्हणून मान्यता मिळाली. धनगरांच्या वाड्यांनी ती जात टिकविली आहे. शेळ्या-मेंढ्यांच्या कळपासोबत बिऱ्हाड चालते, तेव्हा अंथरुणे, भांडी आणि कोंबड्या यांच्यावर एखादे लहान मूलही तट्टाच्या पाठीवर बसलेले दिसते. त्या मुलासाठी घोडा हौस नाही. ते त्याचे घरच आहे. पावसाळ्याआधी मुक्काम हलवितात तेव्हा म्हातारे तट्टू ओझ्याविना मागून चालते आणि त्याच्या वेगाने सगळे चालतात. बदनापूरच्या मुलांनी रस्त्याच्या कडेने जाणारे असे बिऱ्हाड पाहिले असेल, तर घोडा ठेवणे म्हणजे काय, हे त्यांना कुणा जाणत्याकडून ऐकण्याची गरज नाही.

म्हाताऱ्या घोड्याचे काय करायचे, या प्रश्नाला जैन व्यापाऱ्यांनी एकेकाळी संस्था उभी करून उत्तर दिले होते. मुंबईची पांजरापोळ १८३४ मध्ये मोतीशा शेठ, म्हणजे मोतीचंद अमीचंद, आणि सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या पुढाकाराने सुरू झाली. गुजरातेत महाजनांनी व्यापारावर लागा बसवून पांजरापोळी चालविल्या. मालाच्या प्रत्येक सौद्यातून थोडे थोडे जनावरांच्या खात्यात जाई. आज बहुतेक संस्थांची रचना गाई-बैलांना धरून झालेली असते आणि घोडा तेथे अडचणीचा पाहुणा ठरतो. म्हाताऱ्या घोड्याचे दात झिजतात, कडबा चावता येत नाही. त्याला भिजविलेला कोंडा, मऊ गवत लागते, दात घासून द्यावे लागतात, खूर पाहावे लागतात. गायीच्या गव्हाणीपुढे उभा केला तर तो भरल्या गव्हाणीत उपाशी राहतो. एखाद्या संस्थेला देणगी देणाऱ्या घराने दोन घोड्यांचा स्वतंत्र आसरा, एक जाणता माणूस आणि नालबंदाची पाळी यांपुरतीच देणगी राखून ठेवली, तरी जालना-संभाजीनगर पट्ट्यातील अशा जनावरांची मोठी सोय होईल. तसेच दोन-तीन कुटुंबे मिळून एका शेतावर ही व्यवस्था करू शकतात. त्यासाठी ट्रस्टच हवा असे नाही.

घरी घोडा येण्याआधी मुलाला बसवून वयांचा तो तक्ता त्याच्याच हाताने मांडून घेणे चांगले. एका ओळीत त्याचे वय, खाली घोड्याचे. अठरा आणि सोळा या आकड्यांपाशी ते बहुधा थांबते आणि विचारते, तेव्हा मी इथे नसेन, मग याला चंदी कोण घालणार? त्या प्रश्नापुढे घरातील एका माणसाचे नाव लिहिले जावे : आजोबांचे, काकांचे, कदाचित धाकट्या बहिणीचे, जिला अजून घोड्याची भीती वाटते. नाव लिहिता आले नाही, तर त्या वर्षी माळेगावला नुसते पाहायला जावे. मुलाला घोड्यांचे दात बघू द्यावेत, विकणाऱ्याशी बोलू द्यावे, आणि विकायला आणलेल्या एखाद्या म्हाताऱ्या तट्टापाशी ते जास्त वेळ रेंगाळले तर घाई करू नये.